एकच दुकान निवडा

औषध कंपनीचं पत्र दीड पानाचं होतं. ओलेटा कॉडिलने ते उभ्याउभ्याच तीनदा वाचलं. कार्वर गॅप या डोंगराळ गावच्या रुग्णालयात औषधांचा विभाग सांभाळून तिला बावीस वर्षं झाली होती, आणि कंपन्यांच्या पत्रांतली गोम काढणं हा तिच्या हातचा मळ होता. पण या पत्रात गोम नव्हतीच, सगळं सरळ लिहिलं होतं. गोरगरिबांच्या रुग्णालयांना मिळणारा सवलतीचा भाव एक ऑक्टोबरपासून बाहेरच्या एकाच औषधाच्या दुकानात चालेल. कोणतं दुकान, ते रुग्णालयाने शुक्रवारपर्यंत कळवावं. कळवलं नाही, तर एकाही दुकानात चालणार नाही.

तो मंगळवार होता.

रुग्णालय पंचवीस खाटांचं. खाणी बंद पडल्या तसे लोकांचे विमेही त्यांच्याबरोबर गेले होते. अशा माणसांना सांभाळणाऱ्या रुग्णालयांना कंपन्यांनी कमी भावात औषध द्यायचं, असा केंद्र सरकारचा जुना कायदा होता, आणि त्याच्याच जिवावर अर्धा जिल्हा गोळ्या खात होता. रुग्णालयात स्वतःचं दुकान नव्हतं. दाखल झालेल्यांची औषधं आत मिळत, आणि घरी न्यायची औषधं ठरवून दिलेल्या दोन दुकानांत. एक रस्त्यापलीकडे, गावातच. दुसरं एकेचाळीस मैलांवर, लिक ब्रँचला, डोंगराच्या पार पोटात. तिथे रुग्णालयाचा एक छोटा दवाखाना होता, आणि दुकान म्हातारा बर्ली स्टँपर चालवायचा.

रुग्णालयाचा प्रमुख ग्रेडी फ्युगेट याने पत्र वाचलं आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"गावातल्या दुकानात आपली किती माणसं आहेत, मिस ओलेटा?"

"चारशे बारा."

"आणि बर्लीकडे?"

"एकसष्ट."

"मग यात विचार कसला करायचा?"

"तुम्ही लिक ब्रँचला शेवटचे कधी गेला होतात?"

"आजोबांच्या मातीला," ग्रेडी म्हणाला. "मला काय हौस आहे? सवलतीतून जे चार पैसे उरतात त्यावर आपली बाळंतपणाची खोली चालते. तीही गेली तर बायकांनी शंभर मैलांवर जाऊन बाळंत व्हायचं का? सांगा, दुसरा काही मार्ग असला तर सांगा."

ओलेटाला दुसरा मार्ग सुचला नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी दुपारी चार वाजता तिने कंपनीचा अर्ज भरला. दुकानाचं नाव लिहायला एकच चौकोन होता. ग्रेडी म्हणाला, सही मी करतो. ती नको म्हणाली. माणसांची नावं तिला ठाऊक होती, त्याला नव्हती. सही ज्याला नावं ठाऊक आहेत त्याने करावी, असं तिला वाटलं.

शनिवारी ती स्वतः लिक ब्रँचला गेली. फोनवर सांगायचा तिला धीर झाला नाही. बर्लीचं दुकान जुन्या पोस्टाच्या इमारतीत होतं. पूर्वी पत्रं ठेवायची त्या लाकडी खणांत आता औषधाच्या बाटल्या असत.

"ये, ये," बर्ली खुर्चीतूनच म्हणाला. "तुझं तोंडच सांगतंय. कोण मेलं?"

"कोणी नाही, बर्लीकाका."

"अजून नाही, असं म्हण." त्याने खणातलं एक पाकीट काढून तिच्यापुढे टाकलं. "मलाही आलंय पत्र. सगळी चूक त्या पोस्टमनची. वेळेवर आणून देतो मेला."

"मीच निवडलं, काका. गावातलं."

"मग काय लिक ब्रँचचं निवडणार होतीस? चारशेंना उपाशी ठेवून एकसष्टांना जेवायला घालणार होतीस?"

"रागवा ना माझ्यावर."

"वड्याचं तेल वांग्यावर कशाला काढू?" बर्ली म्हणाला. पण त्याने तिला बस म्हटलं नाही, आणि कॉफीही विचारली नाही. चाळीस वर्षांच्या ओळखीत असं पहिल्यांदाच झालं होतं.

पुढचे आठ दिवस ओलेटाने एकसष्ट घरांना फोन केले. काही जण रडले, काहींनी शिव्या दिल्या, आणि बरेच जण नुसतं "बरं" म्हणाले. एकटा आर्लिस स्लोन हसला. आर्लिस एकसष्ट वर्षांचा, घरात तो आणि त्याची बायको जूनी. तिसाहून जास्त वर्षं त्याने खाणीचं छत कोसळू नये म्हणून आधार ठोकायचं काम केलं होतं, आणि आता लोकांच्या करवती दुरुस्त करून देई. सरकारी विम्यासाठी त्याची कमाई जास्त होती, खासगी विम्यासाठी कमी. हृदयाचे ठोके चुकत, म्हणून रक्तात गुठळी होऊ नये यासाठी त्याला दिवसातून दोनदा गोळी घ्यावी लागे. बाहेरच्या भावाने महिन्याला साडेपाचशे डॉलर, सवलतीने चौदा.

"एकेचाळीस मैल म्हणजे काय गं?" आर्लिस म्हणाला. "तेवढा तर मी खाणीत गुडघ्यांवर रांगलोय. येईन की. जूनीला गावातलं आइस्क्रीम खायला घालीन, त्या निमित्ताने."

ऑक्टोबरात तो आला. जूनीला आइस्क्रीमही खाऊ घातलं. नोव्हेंबरात आला नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर ओलेटाने गावातल्या दुकानाची यादी मागवली. लिक ब्रँचच्या एकसष्टांपैकी तेवीस जणांनी महिन्याचं औषध नेलंच नव्हतं. यादी घेऊन ती दुकानदाराकडे गेली आणि म्हणाली, "ज्यांनी नेलं नाही त्यांच्या पिशव्या बांध. ते फोनवर हो म्हणाले तर मी पोचवते." दुकानदार म्हणाला, "दर महिन्याला?" ती म्हणाली, "दर गुरुवारी, जेवढ्या होतील तेवढ्या."

पहिल्या गुरुवारी दुपारी ती आर्लिसच्या घरी पोचली, तर त्याची गाडी अंगणात विटांवर चढवलेली, पुढचं झाकण उघडं. जूनीने तिला ओढतच आत नेलं. जूनीचे डोळे अधू होत चालले होते. माणसाचा चेहरा तिला दिसे, पण रस्त्यावरचा खड्डा दिसत नसे. तिने घेवड्याची आमटी वाढली, मक्याचा पाव तव्यासकट पुढ्यात ठेवला.

"गाडी कधीपासून बंद आहे?" ओलेटाने विचारलं.

"बंद नाही, विश्रांती घेतेय," आर्लिस म्हणाला. "तिचं वय झालंय. माझ्यासारखं."

"तुझी बाटली दाखव."

"आधी जेव तर."

"आर्लिस, बाटली."

त्याने कपाटातून बाटली आणून दिली. औषधं मोजणाऱ्याच्या नजरेला मोजावं लागत नाही. बाटली दहा दिवसांपूर्वीच संपायला हवी होती, आणि आत अजून डझनभर गोळ्या होत्या.

"तू एकच घेतोयस."

"सकाळची घेतो ना," आर्लिस म्हणाला. "रात्री मी झोपलेला असतो. तेव्हा रक्त कुठे पळून जातंय?"

जूनी हसली. ओलेटा हसली नाही.

"रक्त झोपत नाही, आर्लिस. रात्री ते गोठलं तर सकाळी तू उठायचा नाहीस. उठलास तरी बोलता येणार नाही. तुला बोलता आलं नाही तर जूनीचं कसं व्हायचं?"

"दोन दिवस सुखात जातील बिचारीचे."

"मी चेष्टा करत नाहीये! मी आणतेय ना गोळ्या? मी घरापर्यंत आणतेय. तुला फक्त गिळायच्यात."

तिचा आवाज चढलेला ऐकून तो गंभीर झाला. कोर्टात शपथ घेतात तसा त्याने उजवा हात वर केला. "दोन घेईन. सकाळी एक, रात्री एक. झालं?"

ती डिसेंबरात गेली तेव्हा त्याने आपण होऊन बाटली दाखवली. बाटलीत हव्या तेवढ्याच गोळ्या होत्या. तिच्या जिवात जीव आला.

जानेवारीत राज्याच्या राजधानीत विधानसभा भरली. एका आमदाराने विधेयक आणलं होतं, की सवलतीचं औषध कुठल्या आणि किती दुकानांतून द्यायचं यावर कंपन्यांनी बंधन घालू नये. समितीपुढे सुनावणी ठरली ती नेमकी गुरुवारी. ग्रेडी म्हणाला, तुम्हीच जा, तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे? ओलेटाने त्या गुरुवारची फेरी पुढच्या सोमवारवर ढकलली. चार दिवसांनी काय होतंय, असं तिने स्वतःला सांगितलं.

सुनावणीची खोली खच्चून भरली होती. प्रत्येकाला दोन मिनिटं. तिच्या आधी कंपन्यांच्या बाजूचा एक माणूस बोलला, करड्या सुटातला, आवाज अगदी मऊ. शहरांतली मोठमोठी रुग्णालयं सवलतीत औषध घेतात आणि ती सवलत रुग्णाच्या हातात पडतच नाही, मध्येच जिरते, असं त्याने आकडे देऊन सांगितलं. दुकानं वाढली की गैरवापर वाढतो, म्हणाला. ओलेटा ऐकत होती. तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. अशी रुग्णालयं होती. तिलाही दोनचार ठाऊक होती. पण त्यांना चाप लावायचा म्हणून यांनी लिक ब्रँचचा गळा धरला होता.

तिची पाळी आली तेव्हा लिहून आणलेला कागद तिने उलटा ठेवला.

"माझ्या एकसष्ट माणसांसाठी सर्वांत जवळचं सवलतीचं औषध आता एकेचाळीस मैलांवर आहे," ती म्हणाली. "ही माणसं भीक मागत नाहीत. तुम्हाला फोन करणार नाहीत. ती गोळ्या कमी करतील आणि कोणाला सांगणार नाहीत. मला हे माहीत आहे, कारण मी घरोघर जाऊन बाटल्या बघितल्या आहेत."

एका सभासदाने नम्रपणे विचारलं, "कंपनीची मदतीची योजना आहे ना? फोन केला की औषध घरी येतं, असं या गृहस्थांनी आत्ताच सांगितलं."

"आमच्या एका बाईने केला होता फोन, साहेब. तिच्या घरी फोन लागत नाही, कबरस्तानाच्या टेकडीवर चढलं की लागतो. चाळीस मिनिटं ती थंडीत उभी राहून फोनमधलं संगीत ऐकत होती. मग फोनवर एक मुलगी आली आणि म्हणाली, गेल्या वर्षीचं कराचं विवरण फॅक्स करा. आमच्याकडे फॅक्स मशीन आहे, साहेब. गावात. एकेचाळीस मैलांवर."

कोणीतरी मागे हसलं. अध्यक्ष म्हणाले, "धन्यवाद, वेळ संपली."

ती बाहेर व्हरांड्यात आली, फोन सुरू केला. बर्लीचे अकरा फोन येऊन गेले होते.

"काका?"

"आर्लिस स्वयंपाकघरात पडला. सकाळीच. त्याला हेलिकॉप्टरने तिकडे मोठ्या रुग्णालयात नेलंय, तू आहेस तिथून जवळच." बर्लीचा श्वास लागला होता. "तोंड वाकडं झालं होतं गं. काहीतरी सांगत होता, मला कळलं नाही."

दुपारी तीनच्या सुमाराला ओलेटा तिथे पोचली. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर, शेजाऱ्यांनी आणून सोडलेली जूनी एकटी बसली होती. अंगात घरातला झगा, वर आर्लिसचा कोट. मांडीवर कॉफीचा एक पत्र्याचा डबा. ओलेटा तिच्याशेजारी बसली तरी तिने वर बघितलं नाही.

"हेलिकॉप्टरबरोबर आलेल्यांनी विचारलं, काय काय औषधं घेतो, सगळी बरोबर घ्या," जूनी म्हणाली. "मी अंधूक डोळ्यांनी कपाट चाचपलं. पिठाच्या मागे हे सापडलं."

ओलेटाने डब्याचं झाकण काढलं. आत गोळ्या होत्या. तिने त्या मोजल्या, कारण हाताला तेवढंच येत होतं. अठ्ठावन्न.

"रोज रात्रीची एक यात टाकत होता," जूनी म्हणाली. "तुला दाखवायच्या बाटलीतून काढून. महिन्यापूर्वी मी त्याला धरलं होतं. म्हणाला, बर्फ पडलं की ओलेटाला घाटातून यायला लागेल. तिचीही गाडी काही नवी नाही. तेव्हा असू देत थोड्या साठवलेल्या. कोणाला बोललीस तर बघ, म्हणाला. मी नाही बोलले."

ओलेटाने तिचा हात धरायला हात पुढे केला. जूनीने आपला हात कोटाच्या खिशात घातला.

"तू ते दुकान निवडलंस," ती म्हणाली. ओरडून नाही. पाणी दे म्हणावं तसं.

आर्लिस रविवारी गेला. मातीला सगळं लिक ब्रँच लोटलं होतं. टेबलावर थरांचा सफरचंदी केक, हॅम आणि बटाटे, घरोघरून आलेले. ओलेटा चर्चच्या मागच्या बाकावर बसली आणि जेवणाला न थांबता निघाली. दर गुरुवारी ती पिशव्या घेऊन येत राहिली, पण स्लोनांच्या घरावरून जाताना ती नजर रस्त्यावर ठेवी. कधी तिला वाटे, आत जावं, पायरीवर बसावं, जूनी बोलेल ते ऐकून घ्यावं. पण बोलायला जूनीने दार तर उघडायला हवं. रात्री डोळा लागेना. चारशे बारा आणि एकसष्ट, चारशे बारा आणि एकसष्ट. दुसरं उत्तर असलं तर ते तिला सापडत नव्हतं, आणि नव्हतंच म्हणावं तर पिठामागचा डबा डोळ्यांपुढे येई.

विधेयक समितीतून बाहेर पडलं आणि सभागृहाच्या दारात अडकलं. अधिवेशन संपलं तरी ते मतदानाला आलंच नाही. पुढच्या वर्षी बघू, असं त्या आमदाराने फोनवर सांगितलं. आवाजावरून तोही थकलेला वाटला.

मार्चच्या शेवटी बर्ली स्टँपर रुग्णालयात आला. गळ्यात टाय. ओलेटाने त्याला टायमध्ये फक्त प्रेतयात्रांना बघितलं होतं. तो सरळ ग्रेडीच्या खोलीत गेला, तिलाही बोलावून घेतलं.

"माझं दुकान घ्या," तो म्हणाला.

"म्हणजे?" ग्रेडी म्हणाला.

"म्हणजे विकत घ्या. रुग्णालयाचं करा. लिक ब्रँचला तुमचा दवाखाना आहेच, आठवड्यातून दोन दिवस नर्स येते. दुकान तुमच्या नावावर झालं, त्या दवाखान्याला जोडलं, तर ते बाहेरचं दुकान कसं? ते घरचंच. पत्रात लिहिलंय बाहेरचं. मी महिनाभर तेच पत्र वाचतोय. माझ्या पुतणीने वकिलालाही दाखवलं."

ग्रेडी पुढे सरकून बसला. "किंमत?"

"एक डॉलर. आणि खुर्ची माझी राहील. मी पगारी नोकर म्हणून बसेन, नावाची पाटी तुम्ही काढून टाका."

"काका, हे सप्टेंबरात का नाही सांगितलंत?" ओलेटाला विचारायचं नव्हतं, पण तोंडून गेलंच.

बर्लीने टाय सैल केला.

"सप्टेंबरात मला माझं दुकान हवं होतं," तो म्हणाला.

परवाने, नोंदण्या, तपासणी यांत तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत लिक ब्रँचची आणखी एक म्हातारी गेली. कशाने, ते नक्की कोणाला सांगता आलं नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जुन्या पोस्टाच्या दारावर रुग्णालयाची पाटी लागली. कंपनीने उत्तर पाठवलं, की सदर व्यवस्था पुढील सूचना मिळेपर्यंत मान्य आहे. पुढील सूचना मिळेपर्यंत. ओलेटाने ते शब्द बर्लीला वाचून दाखवले. तो म्हणाला, "माझ्या डॉक्टरनेही माझ्याबद्दल हेच सांगितलंय."

माणसं येऊ लागली, पण सगळी नाही. आठवडाभरात एक्केचाळीस आली. दोघं गेली होती. उरली अठरा. त्यांचे फोन लागत नव्हते, किंवा लागले तर कोणी उचलत नव्हतं. नऊ महिने औषधाविना काढलेली माणसं. त्यांचं काय झालं असेल, हा विचार ओलेटा पुरा करत नव्हती.

सोमवारी सकाळी ती दुकानाबाहेर गाडीत यादी लावत बसली होती. पलीकडचं दार उघडलं. जूनी स्लोन कठडा चाचपावा तशी सीट चाचपत आत बसली. सहा महिन्यांत दोघी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"बर्ली सांगत होता, अठरा घरं राहिलीत."

"हो."

"वाच नावं."

ओलेटाने नावं वाचली. जूनीने शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं काढली होती. कोणतं पोर कुठल्या दरीतून येतं, कोणाला घरी न्यायला पाव बांधून द्यावा लागतो, सगळं तिला तोंडपाठ होतं.

"होबर्टचं घर आधी घे," ती म्हणाली. "चर्चच्या पुढे डावीकडे. पूल मोडलाय, ओढ्यातून घाल गाडी, पाणी कमी आहे."

होबर्टने दार उघडलं नाही. जाळीच्या आडून म्हणाला, "नको मला. एकदा देता, मग काढून घेता. सवय झालीय आता त्याच्याविना."

उद्याही काढून घेणार नाहीत, असं ओलेटा कोणत्या तोंडाने सांगणार होती? ती पायरीवर पिशवी धरून उभी राहिली. मागून जूनी एकेक पायरी पायाने शोधत वर आली.

"होबर्ट, मी जूनी. आर्लिसलाही वाटायचं, कमीत भागतं म्हणून. आज काय देतायत ते आज घे. उद्याचं उद्या बघू. दार उघड."

आतून कडी निघाली. होबर्टचे पाय घोट्यापासून सुजून खांबासारखे झाले होते. ओलेटाने तिथेच गुडघे टेकले आणि त्याचा बूट सोडवला.

त्या दिवशी त्यांनी पाच घरं गाठली. तिघांनी पिशवी घेतली, एकाला गावातल्या रुग्णालयात न्यावं लागलं, एका घरात कोणीच राहत नव्हतं. जूनीला तिच्या दारात सोडलं तेव्हा ती उतरली, आणि गाडीच्या छतावर हात ठेवून उभी राहिली.

"तुला माफ केलंय असं समजू नकोस," ती म्हणाली. "अजून नाही."

"नाही समजत," ओलेटा म्हणाली.

"उद्या किती वाजता?"

"आठ."

"साडेसातला ये. कॉम्ब्सांचा म्हातारा आठच्या आत शेतावर निघून जातो."